आधी नकाशा, मग पक्कड

मुरबाडच्या बाजूला कुठल्याही गॅरेजात विचारा, त्या म्हाताऱ्याबद्दल दोनच मतं ऐकायला मिळतील. एक, तो वेडा होता. दुसरं, तो वेडा होता पण त्याने हात लावलेली गाडी वायरिंगसाठी पुन्हा कुणाच्या दारात गेली नाही. माझं मत तिसरं आहे. वेडे बाकीचे होते. तो आता नाही. असता तर हे लिहिताना बघून म्हणाला असता, "कुठून निघायचं नि कुठं पोचायचं ते आधी आख, मग लिही." मी काही आखलेलं नाही. आठवेल तसं लिहितेय.

तोंडावर आम्ही त्याला काका म्हणायचो, मागे म्हातारा. जन्मभर एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होता. रिटायर झाल्यावर शहापूर-मुरबाड रस्त्याला पत्र्याची शेड टाकून बसला. पाटी नाही, कॅलेंडर नाही, देवाचा फोटोसुद्धा नाही. एक लाकडी बाक, एक पक्कड, दोन वायरींना बल्ब लावून केलेला टेस्ट लॅम्प, आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी. त्या दोरीवर कपडे मी कधी बघितले नाहीत. तिथं चिमट्यांनी लटकवलेले असायचे गाड्यांच्या वायरिंगचे कागद. कंपनीच्या पुस्तकातलं पान तो शहापूरला नेऊन मोठं झेरॉक्स करून आणायचा, एकेक भाग वेगळा, आणि ते सहा-आठ कागद भाताच्या खळीने एकमेकांना चिकटवायचा. डायग्राम हा शब्द त्याला येत होता. पण म्हणायचा नकाशाच.

मी त्याच्याकडे गेले ती माझ्याच चुकीमुळे. टोकावड्याच्या अलीकडे आमचं गाव. नवऱ्याने जुनी पिकअप घेतली होती, सेकंडहँडपेक्षाही पुढची, कितव्या हाताची ते त्यालाही माहीत नव्हतं. तो गेल्यावर ती मी चालवायला लागले. आमची भेंडी, काकडी आणि शेजारच्या चार घरांचा माल मिळून कल्याणच्या मार्केटला न्यायचे. बाई पिकअप चालवते म्हणून ढाब्यावरचे लोक माना वळवून बघायचे. बघू देत. मान त्यांची दुखेल.

तर त्या पावसाळ्यात माल कमी होता, गाडी उभीच होती. मी शहाणीने काय केलं, भाताच्या कोंड्याची पोती भिजू नयेत म्हणून गाडीच्या केबिनमध्ये रचून ठेवली. उंदरांना अक्षता देऊन बोलावलं असतं तरी इतके आले नसते. त्यांनी कोंडा खाल्ला, मग सीटचा फोम खाल्ला, मग डॅशबोर्डाच्या आत शिरून वायरी खाल्ल्या. त्याआधी एक उद्योग पुतण्याने करून ठेवला होता. लग्नाच्या सीझनमध्ये तो गाडी हळदीला न्यायचा, वर डीजेचे स्पीकर नि रंगीत लाइटी चढवायचा, आणि त्यासाठी जिथं हात पोचेल तिथून वायर कापून जोड मारायचा. दोघांच्या मेहनतीने गाडीची तऱ्हा अशी झाली की ब्रेक दाबला की वायपर फिरायचा, डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजायचा, आणि सेल्फ मारला की काहीच व्हायचं नाही.

गणपतीच्या आधी गाडीचं कल्याणला आरटीओत पासिंग होतं. वाशिंदपासून मुरबाडपर्यंत जेवढे गॅरेजवाले ओळखीचे होते त्या सगळ्यांनी बॉनेट उघडून बघितलं आणि पुन्हा लावून टाकलं. "या मॉडेलची वायरिंग आता येत नाय ताई. भंगारात घाला." हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद माझ्या दिराला झाला. मुळात त्याला मी गाडी चालवते हेच खपत नव्हतं.

"वहिनी, भंगारवाला माझ्या ओळखीचा हाय," तो म्हणाला. "काढून टाकू. घरात तुमाला काय कमी हाय का?"

कमी काही नव्हतं, त्याचीच भीती होती. गाडी गेली की मी त्याच्या ओट्यावर दोन वेळच्या भाकरीला बसणार. आणि भाकरी कोण मोजतं असं म्हणत म्हणत घरातले सगळे मोजतात, हे मी माझ्या आत्याच्या बाबतीत लहानपणी बघितलेलं आहे. पासिंग झालं तर गाडी माझी, नाही झालं तर भंगारवाल्याची. पासिंगला सगळे दिवे, हॉर्न, वायपर नीट लागतात, म्हणजे वायरिंग पहिल्यापासून. मग कुणीतरी म्हटलं, तो एक येडा म्हातारा हाय बघ.

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी त्याच्या शेडीत ओढत आणली. त्याने गाडीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "वाचता येतं?"

"दहावी झालेय."

"शाळा नाय विचारली मी. वाचता येतं का?"

"येतं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं बोलते म्हणूनच गावात बदनाम हाय."

तेव्हा तो बाकावर थोडा सरकला. "बस मग. आधी नकाशा, मग पक्कड."

त्याची रीत ऐकली की लोक हसायचे. आमच्याकडे श्रावणात देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, अध्याय पुरा होईस्तोवर कुणी उठत नाही. म्हाताऱ्याने ही रीत जशीच्या तशी गाडीला लावली होती. मालकाने दोरीसमोर बसून नकाशा मोठ्याने वाचायचा, एका वेळी एक वायर. कुठून निघाली, कशातून गेली, कुठं पोचली. म्हातारा गाडीत डोकं घालून तीच वायर टाकायचा आणि आतून ओरडून सांगायचा की ही काय करते, ही तुटली तर काय बंद पडेल. मालकाला समजलं नाही तर पुन्हा वाचायचं. मालक नसेल तर काम बंद. ड्रायव्हर पाठवला तर ड्रायव्हर परत.

माझ्यासमोरची गोष्ट. शहापूरकडचा एक बिल्डर मोठी गाडी घेऊन आला. वाचायला बसला आणि तिसऱ्या वायरीला फोन घेऊन बाहेर गेला. म्हाताऱ्याने पक्कड खाली ठेवली आणि बाकावर आडवा झाला. बिल्डर परत आला तर हा घोरतोय. त्याने आरडाओरडा केला, मी कोण आहे वगैरे. म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "घाटात गाडी बंद पडल तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलेला असन काय?" बिल्डर तसाच गेला, रागाच्या भरात बॉनेटही नीट लावलं नव्हतं.

त्याचे असे पुष्कळ नखरे. चहा कोरा, आल्याचा, आणि तो कपात नाही, स्टीलच्या वाटीत. कुणी म्हटलं काका हे युट्यूबवर असतं, की म्हणायचा, मग त्यालाच बोलव. रंगाचं नाव काढलं तर खवळायचा. मी पहिल्या दिवशी म्हटलं, "काका, ती लाल वायर."

"लाल म्हंजे?"

"लाल म्हंजे लाल."

त्याने माझ्या गाडीतून एक जुनी वायर ओढून माझ्या मांडीवर टाकली. "ही लाल होती. सांग आता कुठला रंग हाय." ती ना लाल होती ना पांढरी, नुसती मळलेली होती. "ऊन रंग खातं. नंबर कुणी खात नाय."

म्हणून प्रत्येक वायरीला नंबर. जुन्या उशीच्या अभ्र्याच्या चिंध्या कापून त्यावर नंबर लिहायचा आणि वायरीच्या दोन्ही टोकांना बांधायच्या. ते काम माझं. आवणीच्या वेळी भाताच्या रोपांच्या मुठी बांधताना हात जशी गाठ मारतो तशीच मारत गेले. ती ओढून सुटत नाही आणि सोडायची म्हटली तर एका झटक्यात सुटते. म्हाताऱ्याने एक-दोनदा ओढून बघितलं. "गाठ बरी मारतेस," म्हणाला. पंधरा दिवसांत त्याने केलेली ही एकच स्तुती, तीही गाठीची.

जुनं सगळं काढलं तेव्हा पुतण्याच्या वायरींनी एक घमेलं भरलं. टेपने गुंडाळलेले जोड, मधेच संपणाऱ्या वायरी, एक तर अशी की दोन्ही टोकं कशालाच लावलेली नव्हती. "नकाशात नाय ते गाडीत नको," तो म्हणायचा आणि एकेक घमेल्यात टाकायचा. पुतण्या एकदा बघायला आला, घमेलं बघितलं आणि चहा न पिता गेला.

मी रोज सकाळच्या एसटीने यायचे, डबा घेऊन. आठवडा झाला तेव्हा गाडीच्या पोटातलं सगळं ताडपत्रीवर बाहेर होतं. सीटा बाहेर, डॅशबोर्ड बाहेर. आणि नेमका त्या दिवशी दीर आला. मोटरसायकलवर पुढे तो, मागे भंगारवाला त्याचा टेम्पो घेऊन. गाडीचा कागद माझ्या नावावर होता. पण आमच्याकडे कागदापेक्षा दिराचा आवाज मोठा.

"वहिनी, हे काय करून ठेवलंत," तो रस्त्यावरूनच म्हणाला. "गाडीचा सांगाडा केला. आता तरी देऊन टाका, यांना मी आज बोलावलंय."

माझं वाचन थांबलं. खरं सांगते, ताडपत्रीवर पसरलेल्या त्या वायरी बघून मलाही क्षणभर वाटलं की हा म्हणतो तेच खरं, हे आता कुणाकडून परत जोडलं जाणार आहे.

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. "थांबलीस का गो? एकोणतीस अर्धी राहिली."

"काका, जरा बाहेर या, बोलायचं हाय," दीर म्हणाला.

म्हाताऱ्याने डोकं बाहेर काढलं. त्याने आधी दिराच्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे. "पोथी चालू हाय," म्हणाला. "चपला बाहेर काढा."

आता माझा दीर म्हणजे गावातला पोथी वाचणारा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून श्रावणात देवळात आसनावर तोच बसतो. चपला काढा म्हटल्यावर त्याने काढल्या. वाकून नीट जोडीने खांबाशी ठेवल्यासुद्धा. त्याचं बघून भंगारवाल्यानेही आपल्या सॅंडलचे बंद सोडले. मग दोघं अनवाणी ताडपत्रीच्या कडेला उभे राहिले, आणि दिराच्या तोंडावर असं काही होतं की आपण हे का केलं ते त्याचं त्यालाच कळत नाहीये.

"बसा," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा गाडीत शिरला. ते बसले.

मी वाचायला लागले. मुद्दाम हळू वाचलं, लपवत नाही. एकोणतीस दोनदा वाचली. तीस, एकतीस. प्रत्येक वायरीच्या शेवटाला म्हातारा आतून "बरोबर, पुढं" म्हणायचा आणि दिराची मान आपोआप हलायची. भंगारवाला घड्याळ बघत होता. तेहतीस झाली, मी पुढची घेतली, तोच दीर म्हणाला, "वहिनी, एक ओळ सुटली."

मी बघितलं. खरंच सुटली होती. दोन कागद जिथं चिकटवले होते तिथं चौतीस नंबरची रेघ घडीत गेली होती आणि मी सरळ पस्तीसवर उडी मारली होती. चौतीस म्हणजे मागच्या ब्रेक लाइटची वायर. ती राहिली असती तर पासिंग तिथंच संपलं असतं. ती सापडली दिराला, कारण वाचनात ओळ सुटलेली त्याला सहन होत नाही, मग ते वाचन त्याच्याच विरुद्ध का असेना.

आतून म्हातारा म्हणाला, "कोण हाय रे तो? कान चांगला हाय त्याचा."

दीर उठला नाही. भंगारवाला तासाभराने सॅंडल हातात घेऊन गेला. पन्नासाव्या वायरीला म्हाताऱ्याने आजचं वाचन पुरे म्हणून सांगितलं तेव्हा दिराने चपला घातल्या आणि मला म्हणाला, "पासिंगपर्यंत थांबतो. नाय झालं तर मग माझं ऐकायचं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पुढचे चार दिवस दिराचा त्रास नव्हता, पण म्हाताऱ्याशीच माझं वाजलं. गाडीच्या मागच्या हौद्यात एक छोटा दिवा होता. नवरा होता तेव्हा पहाटे माल भरताना मी मोबाइलची बॅटरी लावून तो दातांत धरायचे आणि गोण्यांची तोंडं शिवायचे. नवऱ्याने चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी तो दिवा बसवला. म्हणाला, "तुझं तोंड बंद असलेलं मला बघवत नाय." म्हाताऱ्याने तो दिवा त्याच्या वायरीसकट काढला आणि घमेल्यात टाकला. मी उठून घमेल्यातून बाहेर काढला.

"नकाशात नाय," तो म्हणाला.

"माझ्या नवऱ्यानं लावलेला हाय."

"नवरा नकाशात हाय काय?"

मला इतका राग आला की हातातला डबा मी त्याला मारला नाही हेच खूप झालं. "तो कशातच नाय आता," मी म्हटलं. "म्हणून हा दिवा राहणार. तुमाला पटत नसल तर गाडी अशीच द्या, मी ढकलत नेते." आणि रस्त्यावर येऊन मिळेल त्या एसटीत बसले. घरी पोचेपर्यंत रडत होते. शेजारच्या बाईने विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं आणि नेहमीच्याच गाडीने गेले. दोरीवर नकाशा होता आणि त्याच्या शेजारी सुतळीला बांधलेली एक पेन्सिल लोंबत होती. म्हाताऱ्याने माफी वगैरे मागितली नाही. म्हणाला, "नकाशात नाय, तर नकाशात काढ. कुठून घेणार?"

मला वाटलं सोपं आहे. मी पार्किंग लाइटच्या वायरीतून एक रेघ काढून दिव्याला जोडली.

"चोरून?" तो म्हणाला. "मग तुझ्यात नि त्या डीजेवाल्यात फरक काय?"

पुसलं. पुन्हा काढलं. यावेळी बॅटरीपासून, पण फ्यूज विसरले. पुसलं. तिसऱ्यांदा फ्यूज घातला तर दिव्यापासून परत बॉडीला यायची वायर काढलीच नाही, म्हणजे दिवा कधी लागलाच नसता. तो एक अक्षर सांगत नव्हता. बाकावर बसून वाटीतला चहा पीत होता आणि मी चुकले की नुसता घसा खाकरायचा. दुपार झाली. डबा तसाच राहिला. शेवटी मी स्वतंत्र फ्यूज घेतला, स्वतंत्र स्विच घेतलं, दुसऱ्या कुठल्या वायरीला स्पर्श होणार नाही अशी रेघ मागपर्यंत नेली आणि तिच्यावर नंबर टाकला, एकसष्ट. कंपनीच्या नकाशात साठच होत्या.

त्याने चष्मा पुसून खालपासून वरपर्यंत बघितलं. मग पक्कड घेतली आणि गाडीत शिरताना म्हणाला, "वाच." मी वाचली.

कल्याणला पासिंगला मी एकटीच गेले. म्हातारा यायला तयार नव्हता, नकाशा तेवढा त्याने घडी घालून गाडीत ठेवला होता. साहेबांनी हेडलाइट बघितली, इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, हॉर्न. सगळं जागच्या जागी. मग त्यांचं लक्ष हौद्यातल्या दिव्याकडे गेलं.

"हा कंपनीचा नाही," ते म्हणाले. "कुठून तरी ओढलाय. असल्या जोडांनी गाड्या पेटतात. काढून टाका आणि पुढच्या आठवड्यात या."

पुढचा आठवडा म्हणजे मुदत गेल्यावर. मागे गाड्यांची रांग. एक एजंट कानाशी येऊन म्हणाला, "ताई, एक वायर तर हाय, तोडून टाका ना. लगेच सही घेतो." पक्कड माझ्याजवळ होती. तोडायला एक सेकंद लागला असता, आणि गाडी माझी झाली असती. मला ते सगळं कळत होतं. दिराचा ओटासुद्धा डोळ्यांसमोर होता.

"नाय काढणार, साहेब," मी म्हटलं.

नकाशा बॉनेटवर पसरला. वारा होता, म्हणून एका टोकावर जॅक ठेवला नि दुसरं हाताने दाबलं, आणि मोठ्याने वाचलं. "एकसष्ट नंबर. बॅटरीपासून निघाली. स्वतःचा फ्यूज, स्वतःचं स्विच. चासीच्या उजव्या अंगाने मागं, हौद्यात दिवा, तिथून बॉडीला परत. मधे कुठल्याच वायरीला जोड नाय."

रांगेतले ड्रायव्हर उतरून बघायला लागले. साहेब नकाशाकडे बघत होते, मग माझ्याकडे. "सगळे दिवे लावा," ते म्हणाले. लावले. "आता एकसष्टचा फ्यूज काढा."

फ्यूजला चिंधी होती, शोधावा लागला नाही. ओढला. हौद्यातला दिवा तेवढा गेला, बाकी गाडी होती तशी उजळलेली राहिली.

"घाला परत," साहेब म्हणाले आणि कागद पुढ्यात ओढला.

दिराला मी तिथूनच फोन केला. तो "बरं" म्हणाला आणि भंगाराचा विषय आमच्या घरातून त्या दिवशी संपला.

येताना पेढे घेतले आणि गाडी सरळ शेडीसमोर उभी केली. म्हाताऱ्याने पासिंगचा कागद बघायला मागितला नाही. "कुठली विचारली?" म्हणाला.

"एकसष्ट."

"मग?"

सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. "सही व्हायच्या आधी साहेबाला नाय म्हणालीस?"

"हां."

"गाडी गेली असती."

"गेली असती."

चहा थंड झाला तरी तो वाटी तशीच हातात धरून होता. मग वाटी खाली ठेवून म्हणाला, "आता माझ्याकडं येऊ नको. माझ्याकडं तुला द्यायचं काय राहिलं नाय."

पंधरा दिवस ऐकून घेतलं होतं, हे नाही ऐकून घेतलं. "येऊ नको म्हणायला ही तुमच्या बापाची जागा हाय काय?"

"बापाचीच हाय," तो म्हणाला.

ती खरंच त्याच्या बापाची होती. मला उत्तर सुचेना. जन्मात पहिल्यांदा. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि दात नसलेल्या बाजूने हसत होता, आणि मला हसू नि रडू एकदमच आलं. पेढ्यांचा पुडा मी त्याच्या बाकावर आपटला, गाडीत बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले.